पाटा वाढवला, पण शाफ्टचं काय?

आंब्याच्या हंगामाआधी पिकअप आणि जीपची मागची बाजू तपासून घ्या

बुरोंडी, लाडघर, कोळथरे या पट्ट्यात आंब्याच्या बागा आहेत त्या बहुतेक डोंगरउतारावर आणि कातळावर. झाडाखालून क्रेट उचलायचे आणि डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, एवढंच काम दिसायला सोपं. पण मधला अर्धा-एक किलोमीटर रस्ता जांभ्याच्या उघड्या दगडांचा, पावसाने चर पडलेला. बैलगाड्या आता बागेत फारशा दिसत नाहीत. त्यांची जागा जुनी जीप, कमांडर, बोलेरो पिकअप अशा गाड्यांनी घेतली. तीच गाडी बागायतदार आंब्याला वापरतो, मच्छीवाले बंदरावर वापरतात आणि पावसाळा संपला की चिऱ्याला आणि खताला पण तीच जुंपली जाते.

बुरोंडी समुद्राला लागून आणि दापोली साधारण आठशे फुटांवर. म्हणजे आंबा भरलेली गाडी चढ चढते, आणि खताच्या गोणी, सिमेंट, चिरे भरलेली गाडी उतार उतरते. आपल्याकडे गाडीची परीक्षा होते ती या उतारावर.

या गाड्यांच्या बाबतीत एक रिवाज गेल्या काही वर्षांत वाढला आहे. माल भरला की गाडी मागून बसते, बागेत खाली दगड लागतो, म्हणून गाडी ‘वर घ्यायची’. गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसात काम होतं आणि गाडी रुबाबदारही दिसते. पण महिन्या-दोन महिन्यांत क्रॉस जातो, शाफ्ट घुमायला लागतो, उतारावर ब्रेक पूर्वीसारखा लागत नाही. मग मालक म्हणतो क्रॉस डुप्लिकेट निघाला, आणि मेस्त्री म्हणतो ड्रायव्हर दामटतो. खरं कारण मागच्या पाट्यांच्या मांडणीत असतं. ते नीट समजून घेऊ.

गाडी वर कशी घेतात?

मागच्या बाजूला पाटे असलेली गाडी वर घेण्याच्या तीन पद्धती आपल्याकडे चालतात.

पहिली, पाट्यांच्या जुडीत एक-दोन पाटे वाढवणे. दुसरी, पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळणे. तिसरी, पाट्याच्या मागच्या टोकाला जी झुलती पट्टी असते, म्हणजे शॅकल, ती लांब करून घालणे. तिसरी सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात जास्त केली जाते. आणि शाफ्टचा कोन सगळ्यात जास्त तीच बिघडवते.

आधी दगड कशाला लागतो ते पाहा

ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा ते तरी साधतं का, हे पैसे घालण्याआधी बघायला हवं. गाडीखाली वाकून पाहा, घासल्याच्या खुणा कुठे आहेत? पुष्कळ गाड्यांत त्या मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या मोठ्या गोल डब्यावर, म्हणजे डिफरन्शियलच्या हाउसिंगवर असतात. हा डबा आसाला जोडलेला, आस चाकांना जोडलेला. तुम्ही पाटे वाढवा, ठोकळे घाला, शॅकल लांब करा, या डब्याची जमिनीपासूनची उंची एका सुतानेही वाढत नाही. वर जाते ती चासी आणि बॉडी. डबा वर जातो तो फक्त टायर मोठा घातला तरच, आणि तोही टायरची उंची जेवढी वाढली त्याच्या निम्माच.

म्हणजे दगड डब्याला लागत असेल तर पाटे वाढवणं हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं. दगड चासीला, टाकीला किंवा सायलेन्सरला लागत असेल तरच पाट्यांकडे पाहायचं. त्यातही पहिला प्रश्न असा की मूळ पाटे बसलेत का? खाऱ्या वाऱ्याने आणि मच्छीच्या पाण्याने पाट्यांमध्ये गंज धरतो, एखादा पाटा मधल्या बोल्टजवळ तुटलेला असतो, कमान उतरलेली असते. अशा वेळी मूळ मापाची नवी जुडी घालणं किंवा चांगल्या कारागिराकडून कमान पुन्हा चढवून घेणं, एवढ्यानेच गाडी आपल्या मूळ उंचीवर येते. पुढची निम्मी दुखणी मग उद्भवतच नाहीत.

शाफ्टचं गणित

गिअरबॉक्सकडून मागच्या आसाकडे फिरता दांडा जातो तो शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. क्रॉसमुळे शाफ्ट वाकड्या कोनातही फिरू शकतो. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने अभ्यासलेली ही युक्ती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये होती आणि महिंद्रने तीच जीप मुंबईत जुळवायला घेतली तेव्हापासून आपल्याही ओळखीची आहे.

पण क्रॉसचा एक गुण ध्यानात ठेवायचा. कोनातून फिरताना तो वेग सारखा देत नाही. एका फेऱ्यात दोन वेळा पुढचा भाग थोडा जलद आणि दोन वेळा थोडा सावकाश फिरतो. कोन दहा अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो, वीस अंशांचा झाला तर सहा टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे कोन दुप्पट झाला की धक्का चौपट होतो.

मग गाडी सुरळीत चालते कशी? कारण पुढच्या क्रॉसने केलेली चूक मागचा क्रॉस भरून काढतो. त्याला अट एकच: दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत. त्यासाठी गिअरबॉक्समधून निघणारा दांडा आणि डिफरन्शियलमध्ये शिरणारा दांडा, म्हणजे पिनियन, हे एकमेकांना समांतर हवेत. कारखान्यात गाडी अशीच बसवलेली असते.

आता वरच्या तीन पद्धती पाहा. सपाट ठोकळा घातला किंवा पाटे वाढवले तर पिनियनची दिशा फारशी बदलत नाही. शाफ्टचा उतार वाढतो, दोन्ही कोन वाढतात, पण बरोबरीने वाढतात. क्रॉसचं आयुष्य कमी होतं, थरथर मात्र लगेच येत नाही. शॅकल लांब केली की पाट्याचं मागचं टोक चासीपासून खाली जातं, पुढचं टोक आहे तिथेच राहतं. पाटा तिरपा होतो, त्याच्याबरोबर आसही गोल फिरतो आणि पिनियनचं तोंड वर होतं. समांतरपणा तिथेच संपला. ठरावीक वेगाला घूं-घूं आवाज येतो, हौद्याला थरथर सुटते आणि पेटीत पेंढा कितीही घातला तरी हापूस घासला जातोच.

कोन मोजायचा कसा?

याला महागडं यंत्र लागत नाही. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, मध्यबिंदूला दोरा बांधा, दोऱ्याला एक नट लावा. झाला ओळंबा. मोबाइलवर कोन दाखवणारी सोय असेल तर तीही चालते.

गाडी सपाट कोब्यावर उभी करा. चाकं जमिनीवरच हवीत. जॅक चासीला लावून आस लोंबता ठेवला तर माप चुकीचं येईल. गाडीत नेहमीच्या निम्म्याएवढा माल असला तर उत्तम. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना पुढे-मागे दगड. मग तीन ठिकाणी उतार मोजा: गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लॅंजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लॅंजवर. फ्लॅंजचा चेहरा उभा असतो, तेव्हा त्यावर ओळंबा उभा धरून किती कललाय ते पाहायचं.

नुसतं समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. गिअरबॉक्सचा दांडा मागे ३ अंश उतरता आहे, शाफ्ट ९ अंश उतरता आहे. पुढच्या क्रॉसचा कोन ९ वजा ३, म्हणजे ६ अंश. पिनियनही तसाच ३ अंशात असेल तर मागचा कोनही ६. जमलं. आता लांब शॅकलमुळे पिनियन ७ अंशांत गेला आहे असं धरा. मागचा कोन ९ वजा ७, म्हणजे फक्त २. एकीकडे ६ आणि दुसरीकडे २. हा ४ अंशांचा फरक म्हणजेच ती थरथर.

लांब पिकअपमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये सेंटर बेअरिंग असतं. तिथे पुढच्या तुकड्याचाही कोन मोजायचा. आणि ज्या गाडीत शाफ्टच्या एका टोकाला जोडक्रॉस असतो तिथे वरचा हिशेब लागू नाही. तिथे पिनियनचं तोंड सरळ शाफ्टच्या रेषेत ठेवतात.

पाचर कधी आणि कशी?

कोन बिघडलेला आढळला तर पहिला उपाय म्हणजे मूळ मापाची शॅकल परत घालणे. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागतं. जुनी गाडी विकत घेताना आधीच्या मालकाने काय केलं होतं ते ठाऊक नसतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या शॅकलची लांबी मोजून त्याच मॉडेलच्या न छेडलेल्या गाडीशी ताडून पाहावी.

तेवढ्याने भागलं नाही तर पाटा आणि आस यांच्यामध्ये उतरती लोखंडी पट्टी, म्हणजे पाचर घालतात. वरच्या उदाहरणात ४ अंशांची पाचर लागेल. पण पाट्यांच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. भरल्या गाडीने चढाला जोर लावला की पाटा पिळवटतो आणि पिनियनचं तोंड आपोआप थोडं वर उचललं जातं. म्हणून जाणकार मेस्त्री पिनियन समांतरपेक्षा एखादा अंश खालीच ठेवतात, म्हणजे जोर लागल्यावर तो बरोबर जागी येतो.

पाचरीची जाड बाजू कुठे हा प्रश्न नेहमी चुकतो. पाटा आसाच्या वर असेल आणि पिनियनचं तोंड खाली आणायचं असेल तर जाड बाजू पुढे. पाटा आसाच्या खालून जात असेल तर नेमकं उलट, जाड बाजू मागे. काही गाड्यांना कारखान्यातूनच पाचर असते. पाटे उतरवले की ती हरवते किंवा उलटी बसते. पाटे खोलण्याआधी खडूने खूण करायला मेस्त्रींना सांगा.

पाचर लोखंडाचीच घ्या. मऊ धातूची पाचर भाराखाली चुरते आणि यू-बोल्ट सैल पडतात. तिचा मधला बोल्ट जागेवर नीट बसायला हवा. यू-बोल्ट एकदा खोलले की नवेच घाला, गाडीचं वजन चाकांवर असताना आवळा आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. ठोकळ्यावर ठोकळा कधीही रचू नका. आणि पुढच्या आसाला ठोकळा लावणं तर जिवाशी खेळ आहे.

ब्रेककडे बघितलंय का?

क्रॉस गेला तर पैसे जातात. ब्रेक गेला तर माणूस जातो.

बऱ्याच पिकअप आणि मालवाहू गाड्यांमध्ये मागच्या आसाजवळ एक छोटा दांडा असतो. त्याचं एक टोक आसाला आणि दुसरं चासीवरच्या व्हॉल्व्हला. माल भरला, चासी खाली आली की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली, चासी वर असली की दाब कमी करतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी घसरेल. याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात.

आता गाडी चार इंच वर घेतली. व्हॉल्व्हला माल दिसत नाही, त्याला फक्त चासी आणि आस यांच्यातलं अंतर दिसतं. तुम्ही खताच्या गोणी भरल्या तरी त्याला गाडी रिकामीच वाटते. मागचा ब्रेक अर्धवट लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. दापोलीहून खाली उतरताना पुढचे ब्रेक तापत जातात आणि तळाच्या वळणापर्यंत पकड ढिली होते. ड्रायव्हर सांगतो, ‘पॅडल होतं, पण गाडी थांबेना.’

म्हणून गाडी वर घेतली असेल किंवा परत खाली आणली असेल, दोन्ही वेळा हा दांडा कंपनीच्या मापाप्रमाणे लावून घ्या. हे काम कंपनीच्या वर्कशॉपचंच आहे. तारेने दांडा वर बांधून ठेवण्याचा ‘उपाय’ काही ठिकाणी करतात. त्याने रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात जाम होतील.

त्याचबरोबर ब्रेकचा रबरी पाइप पाहा. चासीला जॅक लावून आस पूर्ण लोंबू द्या आणि पाइप ताणला जातोय का ते बघा. ताण दिसला तर तो पाइप एखाद्या खड्ड्यात तुटणार हे नक्की. हॅंडब्रेकच्या केबलचीही अशीच पाहणी करा.

वळणावर काय होतं?

गाडी उंच झाली की तिचा भारमध्य उंच होतो. पुन्हा एक समजण्यापुरतं गणित. दोन चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर, भारमध्य जमिनीपासून ८०० वर. निम्मं अंतर ७०० भागिले ८००, म्हणजे ०.८८. शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच वर घेतली की ७०० भागिले ९००, ०.७८. हा आकडा जितका लहान तितकी गाडी लवकर कलंडते. त्यावर हौद्याच्या कडेच्या वर चार थर क्रेट रचले की आकडा आणखी खाली. कमरेवरची घागर डोक्यावर घेतली तर चालताना तोल जास्त सांभाळावा लागतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात येते. गाडी वर गेली की पाट्याचं पुढचं टोक आसापेक्षा पुष्कळ उंच होतं. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तेव्हा बाहेरचं मागचं चाक किंचित मागे सरकतं आणि आतलं पुढे. म्हणजे मागचा आस स्वतःच थोडा वळतो, आणि तोही चुकीच्या दिशेला. ड्रायव्हरला वाटतं मागचा भाग बाहेर पळतोय. आणि फक्त मागची बाजू उचलली तर गाडी नाकावर झुकते, पुढच्या चाकांचा मागे कललेला कोन कमी होतो आणि स्टिअरिंग आपण होऊन सरळ येत नाही. याला पाचर हा उपाय नाही. उंची कमी करणं हाच उपाय.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्या

नव्या जीपवर्गीय गाड्यांत मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि आसाला धरून ठेवणारे दांडे असतात. ज्या गाडीत चासीपासून आसापर्यंत एक आडवा दांडा असतो, तिथे गाडी वर घेतली की तो दांडा आसाला एका बाजूला ओढतो. मागून पाहिलं की एक चाक बॉडीच्या बाहेर जास्त दिसतं. त्याला लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा, किंवा आसाकडची त्याची पकड वर घेऊन दांडा पुन्हा आडवा करणं, असे उपाय आहेत. लांबीच्या दिशेचे दांडेही तिरपे होतात आणि पिनियनचा कोन त्यांच्यावरच ठरतो. हे काम नाक्यावरच्या वेल्डिंगचं नाही.

शॉकअपचंही तसंच. मूळ मापाचा शॉकअप उंच गाडीला आखूड पडतो. चाक खड्ड्यात गेलं की तो पूर्ण ताणतो आणि त्याची पकड चासीतून उचकटते. शाफ्टचा सरकता जोडही बाहेर निघत येतो. आस लोंबता असताना तो आत किती शिल्लक आहे ते मेस्त्रींकडून पाहून घ्या.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ मापांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा उभा राहू शकतो. शंका असेल तर रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावं.

आणि एक गैरसमज काढून टाका. पाटे वाढवले म्हणजे गाडीची वाहनक्षमता वाढली असं नाही. आरसी बुकावर एकूण वजनाचा जो आकडा आहे तोच खरा. पाटे वाढले तरी ब्रेक, आस, बेअरिंग आणि टायर तेच आहेत.

ग्रामपंचायतीने काय करावं?

हा विषय एकट्या गाडीवाल्याचा नाही. बागेत जाणारा रस्ता चालण्याजोगा असता तर गाडी वर घ्यायची वेळच आली नसती. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी याकडे लक्ष घालावं. जांभ्याचे वर आलेले दगड फोडून चर बुजवणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रस्त्यावरून धावणारं पाणी दर काही अंतरावर आडवं काढून गटारात सोडणं, एवढ्याने रस्ता दोन पावसाळे टिकतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. अशा योजनांतून आपला रस्ता सध्या बसतो का, याची चौकशी पंचायत समितीत करावी आणि ग्रामसभेत ठराव घ्यावा. एका रस्त्यावर वीस बागायतदार असतील तर वीस गाड्यांचे पाटे आणि क्रॉस वाचतात.

बागायतदार बंधूंनो, फवारणीचं वेळापत्रक आपण भिंतीवर लावतो, मोहोराला जपतो, पेटीला लेबलही नीट लावतो. तोच माल ज्या गाडीवर चढतो तिच्यासाठी फेब्रुवारीत एक दिवस काढा. शॅकल मोजा, पिनियनचा कोन पाहा, ब्रेकचा दांडा आणि पाइप तपासून घ्या, यू-बोल्ट आवळून घ्या. ज्यांची गाडी उंच झालेली आहे त्यांनी ती मूळ उंचीवर आणण्याचं मेस्त्रींशी बोलून घ्या. पहिली पेटी वाशीला पोचायला एक दिवस उशीर झाला तरी भाव फार पडत नाही. उतारावरच्या वळणाला मात्र उशीर समजत नाही.